एकाच पंख्याचा वारा

पोर्शे ९११ सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला आणि पुढच्या वर्षी शून्याच्या जागी एक आला. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ही गोष्ट तोंडपाठ असते. गाडीचे खरे वेगळेपण मात्र तिच्या मागच्या झाकणाखाली आहे. तिथे सहा सिलिंडरचे आडवे इंजिन बसवलेले आहे आणि त्याला थंड ठेवायला पाण्याचा एक थेंबही नाही. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, कूलंटची बाटली नाही. अशी हवेवर थंड होणारी ९११ कंपनीने मार्च १९९८ पर्यंत बनवली.

ज्यांच्याकडे अशी तीस-चाळीस वर्षांची गाडी आहे त्यांच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. उन्हाळ्यात इंजिन तापते. हिवाळ्यात हीटर एक तर पाय भाजतो, नाही तर काहीच देत नाही, आणि वर जळक्या तेलाचा वास येतो. एसीचे बटण दाबले की आवाज बदलतो, हवा गार होत नाही. मालक या तीन तक्रारी तीन कारागिरांकडे नेतो. एक जण ऑइल कूलर बदलतो, दुसरा हीटरची वायर ओढतो, तिसरा गॅस भरतो. महिनाभराने तिन्ही तक्रारी परत येतात.

याचे कारण गाडीच्या मूळ रचनेतच आहे. इतर मोटारींत इंजिनाचे गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि त्यावरून जाणारी हवा आपल्याला ऊब देते. इथे पाणीच नसल्यामुळे ऊबही हवेनेच आणावी लागते, आणि ती हवा ढकलतो इंजिन थंड करणारा तोच पंखा. पुढे एसी आला तेव्हा त्याचा एक कंडेन्सरही याच पंख्याच्या वाटेवर, मागच्या झाकणाच्या जाळीखाली बसवला गेला. म्हणजे इंजिनाचा थंडावा, पायाशी येणारी ऊब आणि एसीचा गारवा या तिन्हींची वाट एकाच वाऱ्यातून जाते. म्हणूनच या गाडीची दुरुस्ती गॅसच्या सिलिंडरपासून नव्हे, वाऱ्यापासून सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आकुर्डीच्या कारखान्यातली जुनी, पेट्रोलवरची बजाज चेतक ज्यांनी चालवली आहे त्यांना हे तत्त्व नवे नाही. मोटारसायकलचे इंजिन उघड्यावर असते, धावताना त्याला वारा आपोआप लागतो. चेतकचे इंजिन बाजूच्या पत्र्याखाली दडलेले, म्हणून तिच्या फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती असतात आणि सिलिंडरभोवती एक आवरण असते. पंख्याचा वारा त्या आवरणामुळे सिलिंडरच्या पंखांमधून, म्हणजे फिनमधून, जायला भाग पडतो. आवरण काढून कुणी स्कूटर चालवली तर पंखा फिरत राहतो, पण वारा भलतीकडे जातो आणि इंजिन जाम होते. ९११ मध्ये हेच सारे मोठ्या मापाने आहे. क्रँकशाफ्टवरून पट्टा निघतो आणि वरच्या बाजूला उभ्या बसवलेल्या पंख्याला फिरवतो. पंख्याच्या पोटातच अल्टरनेटर आहे. पंखा जाळीतून हवा ओढतो आणि फायबरच्या आवरणातून खाली सहाही सिलिंडरवर ढकलतो. त्याच वाऱ्याचा एक भाग इंजिनावरच्या ऑइल कूलरमधून जातो, एक भाग दोन नळ्यांनी हीटरकडे.

या रचनेत पट्ट्याला फार महत्त्व आहे. तो तुटला की चार्जिंगही थांबते आणि थंडावाही. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागला तर पाण्याच्या काही गाड्यांत घरापर्यंत जाता येते. इथे ताबडतोब गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे लागते. पट्ट्याचा ताण जुळवायची पद्धतही वेगळी आहे. पंख्याची पुली दोन अर्ध्या भागांची असते आणि त्या भागांच्या मधे पातळ चकत्या असतात. पट्टा ढिला पडला की मधली एखादी चकती काढून बाहेरच्या बाजूला, नटाखाली ठेवायची. दोन भाग जवळ येतात, पट्टा पुलीवर वर चढतो आणि ताणला जातो. काढलेली चकती नटाखालीच राहते, म्हणून हरवत नाही. ही साधी युक्ती मला फार आवडते. पण नट उघडल्यावर तिथे एकही चकती सापडली नाही, तर आधीच्या कारागिराने घाई केली होती असे समजावे आणि बाकीचे कामही संशयाने पाहावे.

पंखा ठीक असला तरी वाऱ्याची वाट ठीक असेल असे नाही. इंजिनाच्या भोवती पत्र्याच्या तुकड्यांची एक चौकट असते आणि तिच्या कडेने, गाडीच्या अंगाला चिकटून, रबराची पट्टी बसवलेली असते. या पट्टीचे काम एकच: वरची थंड हवा वर आणि सिलिंडरवरून तापून खाली गेलेली हवा खाली ठेवणे. चाळीस वर्षांत रबर कडक होते, तुकडे पडतात. इंजिन एकदा उतरवून परत चढवताना पट्टी दुमडली जाते, नाही तर कुणी ती बसवायचेच विसरते. मग खालची गरम हवा फटीतून वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. तापलेल्या इंजिनावर तापलेली हवा. हे रबर गाडीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी आहे आणि मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलेले असते.

त्यानंतर फिन. ऑइल गळून सिलिंडरवर पसरते, त्यावर धूळ बसते आणि तिचा जाड थर तयार होतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पंख्याच्या आवरणाखाली उंदरांची घरटी सापडतात. गवत, कापूस, सीटचा फोम असे काहीही त्यात असते. वरून पाहिले तर दिसत नाही. आवरण काढल्याशिवाय, निदान छोटा कॅमेरा आत घातल्याशिवाय, खात्री होत नाही. ज्या गाडीचा इतिहास ठाऊक नाही ती विकत घेतल्यावर पहिल्यांदा हे पाहावे, मग बाकीचे.

हवेने थंड होणारे इंजिन म्हणतात खरे, पण त्याची बरीच उष्णता ऑइल वाहून नेते. ९११ मध्ये ऑइलची वेगळी टाकी असते आणि मॉडेलनुसार नऊ ते तेरा लिटर ऑइल लागते, साध्या मोटारीच्या दुपटीहून अधिक. इंजिनावरचा छोटा कूलर पुरेसा नाही हे लवकरच कळले. १९६९ च्या ९११ एस मॉडेलला उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डमध्ये दुसरा कूलर मिळाला. पुढच्या काळात काही मॉडेलना तिथे नुसती वळवलेली लांब नळी होती, नंतर पितळी नळ्यांचा कूलर आला आणि ऐंशीच्या दशकातल्या ३.२ लिटर कॅरेराला रेडिएटरसारखा खरा कूलर मिळाला. ऑइल सुमारे ८५ अंशांपर्यंत तापले की थर्मोस्टॅट उघडतो आणि ते मागून पुढे, उजव्या दाराखालच्या नळ्यांतून, या कूलरकडे जाते.

इथे दोन दुखणी नेहमी सापडतात. एक म्हणजे त्या नळ्या जॅक चुकीच्या जागी लावल्याने चेपलेल्या असतात. ऑइलच्या तापमानाचा काटा वर चढतो, थर्मोस्टॅट बदलला जातो, कूलर बदलला जातो, आणि खाली वाकून नळीकडे कुणी पाहत नाही. दुसरे म्हणजे थर्मोस्टॅटवरचे मोठे नट. ते वर्षानुवर्षे असे धरून बसतात की पाना लावून जोर केला तर थर्मोस्टॅटचे आटेच निघून येतात. तो भाग महाग आहे. नट मात्र तसा नाही. अनुभवी कारागीर नटाला उभी चीर पाडून तो कापून काढतो आणि थर्मोस्टॅट वाचवतो. तपासणी सोपी आहे: इंजिन पुरते तापल्यावर मडगार्डमधल्या कूलरच्या नळीजवळ हात न्यावा. काटा ११० च्या पुढे गेला आहे आणि नळी थंडच आहे, तर ऑइल तिथपर्यंत पोचतच नाही. काटा १२० ओलांडत असेल तर गाडी चालवत राहू नये.

आता हीटर. माझ्या मते या गाडीची सर्वांत हुशार आणि सर्वांत धोक्याची रचना हीच आहे.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याचा एक बंद डबा असतो. त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. पंख्याने पाठवलेली ताजी हवा या डब्यातून जाते, आतल्या तापलेल्या नळ्यांना स्पर्श करत गरम होते आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे केबिनमध्ये येते. फोल्क्सवागन बीटल आणि पोर्शे ३५६ मध्ये हीच पद्धत होती. पाण्याच्या गाडीत इंजिन तापेपर्यंत थांबावे लागते. इथे एक्झॉस्ट गरम व्हायला वेळ लागत नाही, म्हणून जर्मनीच्या हिवाळ्यात गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात पाय शेकतात. उणीव अशी की वारा इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. सिग्नलला थांबले की पंखा मंदावतो आणि ऊब ओसरते. पहिल्या काही वर्षांत त्यावर उपाय म्हणून पेट्रोल जाळणारा वेगळा हीटरही मिळत असे. नंतर इंजिनाच्या कप्प्यात विजेचा ब्लोअर आला.

गरम हवा एक्स्चेंजरमधून सतत वाहत असते, केबिनला हवी असो वा नसो. डब्याच्या तोंडाशी एक झडप असते. दोन सीटांच्या मधली लाल मुठीची दांडी वर ओढली की वायर ताणली जाते, झडप वळते आणि हवा आत येते. दांडी खाली केली की स्प्रिंग झडप मागे आणते आणि हवा गाडीखाली सोडली जाते. पुढच्या मॉडेलमध्ये दांडीच्या जोडीला तापमान राखणारी छोटी मोटर आणि आकडे असलेले चक्र आले. त्या मोटरच्या सर्किट बोर्डावरचे सोल्डर जुने होऊन तडकते. तेवढेच नव्याने केले तरी अनेकदा ती पुन्हा चालू लागते.

झडप उघडी असल्याने होणारा त्रास पुढे एसीच्या संदर्भात येईलच. आधी त्या डब्याच्या धोक्याविषयी. एक्झॉस्टचा विषारी वायू आणि आपल्या श्वासाची हवा यांच्या मधे फक्त एका नळीची भिंत आहे. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मीठ-पाण्याने आणि आतल्या उष्णतेने पत्रा गंजतो. बाहेरचा डबा सडला तर ऊब वाया जाते, एवढेच. आतली नळी फुटली तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोके दुखते, मग झोप येते, आणि स्टिअरिंग हातात असलेल्या माणसाला ते कळत नाही. जुन्या ९११ च्या केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा बॅटरीवरचा अलार्म ठेवणे हा शौक नाही, गरज आहे.

नळी फुटली आहे की नाही हे बाहेरून टोकून कळत नाही. थंड इंजिनावर एक्झॉस्टमध्ये धूर सोडणारे यंत्र लावावे आणि हीटरच्या नळ्या डब्यापासून सोडवून त्यांच्या तोंडाशी पाहत राहावे. तिथून धूर आला तर डबा बाद. वेल्डिंगने बाहेरचे छिद्र बुजवता येते, आतल्या नळीला हात पोचत नाही. म्हणून एक्स्चेंजर विकत घेताना, विशेषतः वापरलेला घेताना, बाहेरचा रंग पाहून निर्णय करू नये. स्टेनलेस स्टीलचे एक्स्चेंजर बाजारात मिळतात आणि ते महाग असले तरी मला तेच योग्य वाटतात. बरेच मालक १९७४ पर्यंतच्या आकाराचे बसवतात, कारण त्या रचनेत एक्झॉस्टला वाट मोकळी मिळते आणि इंजिन थोडे अधिक मोकळे धावते.

काही जण हीटरच काढून टाकतात आणि शर्यतीच्या गाडीसारख्या उघड्या नळ्या लावतात. उष्ण प्रदेशात ते चालेल असे वाटते. पण मग पंख्याच्या आवरणातून हीटरकडे जाणारी दोन तोंडे बंद करायला हवीत. ती उघडी राहिली तर सिलिंडरच्या वाट्याचा वारा तिथून निसटतो. हीटर गेला, आणि इंजिनही तापू लागले.

एक्स्चेंजर उतरवणे हे या दुरुस्तीतले सर्वांत अवघड काम. दोन्ही मिळून सहा सिलिंडर हेडना प्रत्येकी दोन स्टडनी धरलेले असतात. काही नट डब्यात ठेवलेल्या भोकांतूनच गाठावे लागतात. बारा स्टड, चाळीस वर्षांची उष्णता, आणि हेड अॅल्युमिनियमचे. एक स्टड तुटला की दिवस गेला. सैल करणारे ऑइल आदल्या रात्रीपासून लावून ठेवावे, नट ज्योतीने तापवावा, थोडा उलटा, थोडा सुलटा फिरवत आणावा. चांगला कारागीर इथे ओळखू येतो, कारण तो थांबतो. नट हट्टाला पेटला की तो जोर वाढवत नाही, पुन्हा तापवतो.

केबिनमधला जळका वास बहुधा एक्झॉस्टचा नसतो, ऑइलचा असतो. हेडच्या बाजूने इंजिनाच्या पोटात ऑइल परत नेणाऱ्या नळ्या, प्रत्येक बाजूला दोन, नेमक्या एक्स्चेंजरच्या वर आहेत. त्यांच्या ओ-रिंग कडक झाल्या की थेंब थेंब ऑइल तापलेल्या पत्र्यावर पडते. व्हॉल्व्ह कव्हरच्या खालच्या गॅस्केटमधूनही तेच होते. पंख्याचा वारा तो धूर उचलून आत आणतो. मूळ नळ्या बदलायच्या तर हेड काढावे लागते, पण दोन भागांत सरकणाऱ्या नळ्या मिळतात आणि त्या जागेवरच बसवता येतात. एक्स्चेंजर उतरवलेलेच असतील तर हे काम त्याच वेळी करून घ्यावे. तशी संधी वारंवार येत नाही.

एसीकडे आता येऊ. ९११ चा आराखडा झाला तेव्हा तो त्यात नव्हता. अमेरिकेतल्या, म्हणजे टेक्सास-ॲरिझोनासारख्या प्रदेशांतल्या, ग्राहकांसाठी तो मागाहून बसवला गेला, आणि हे त्याच्या प्रत्येक भागात दिसते. कॉम्प्रेसर मागे इंजिनावर. एक कंडेन्सर मागच्या झाकणात, दुसरा पुढच्या बंपरखाली. कूलिंग कॉइल पुढच्या डिकीच्या मागच्या अंगाला. म्हणजे गॅस गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि परत असा सतत प्रवास करतो, तोही रबरी होजमधून. जितका होज लांब, तितकी गळती जास्त. जुन्या होजचे रबर साधे असते आणि गॅस त्याच्या अंगातूनच हळूहळू झिरपतो. जोड कितीही घट्ट करा, दोन उन्हाळ्यांत दाब उतरतो.

आपल्याकडे काय किंवा अमेरिकेत काय, एसी गार करेना की गॅस भरून घ्यायचा हा शिरस्ता आहे. ९११ मध्ये तो विशेष महागात पडतो, कारण गॅस कमी आहे हे खरे असले तरी तेच एकमेव कारण असते असे नाही. मागच्या झाकणातला कंडेन्सर पाहा. गॅसमधली उष्णता बाहेर टाकणे हे त्याचे काम आणि त्याला हवा मिळते ती इंजिनाच्या पंख्याच्या ओढीने. गाडी रहदारीत उभी असते तेव्हा पंखा मंद असतो, म्हणजे गारव्याची गरज सर्वाधिक असते तेव्हाच हवा सर्वांत कमी. शिवाय कंडेन्सरवरून तापलेली हवा पुढे सिलिंडरवर जाते, म्हणून एसी चालू केला की ऑइलचा काटाही वर सरकतो. आणि आधी सांगितलेली रबरी पट्टी फाटलेली असेल तर इंजिनाखालची गरम हवाही याच फेऱ्यात येते. एसीची तक्रार रबराच्या पट्टीपाशी जाऊन पोचते ती अशी.

दुसरे कारण हीटरच्या झडपा. वायर ताणलेली राहिली किंवा झडप गंजून अर्धी अडकली की एक्झॉस्टवर तापलेली हवा उन्हाळाभर दाराखालून केबिनमध्ये येत राहते. डॅशबोर्डमधून थोडा गारवा, पायाशी सतत धग. कॉम्प्रेसर नवा घातला तरी ही लढाई तो जिंकत नाही. तपासायला उपकरण लागत नाही. एसी बंद ठेवून, हीटरची दांडी पूर्ण खाली करून अर्धा तास गाडी चालवावी आणि पायाजवळच्या हवेच्या तोंडापाशी हात धरावा. हवा गरम लागली तर आधी झडपा.

मग गॅस. या गाड्यांत मुळात आर-१२ असे. तो पहिल्यांदा विकसित केला थॉमस मिजली यांच्या चमूने, १९२८ ते १९३० च्या सुमारास. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पनाही मिजली यांचीच. सत्तरच्या दशकातली ९११ या दोन्हींवर चालत होती हे मला नेहमी अस्वस्थ करते. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले की आर-१२ सारखे वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोन नष्ट करतात. १९८७ मध्ये अशा वायूंवर बंधन घालणारा माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. विकसित देशांत आर-१२ चे उत्पादन १९९५ अखेर थांबले. मोटारींत त्याच्या जागी आर-१३४ए आला.

जुन्या गाडीत नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-१२ सोबत कॉम्प्रेसरचे मिनरल ऑइल फिरत असे. आर-१३४ए त्याला सोबत वाहून नेत नाही. ते ऑइल पाइपांत कुठेतरी साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून सगळी यंत्रणा धुऊन पॅग किंवा एस्टर प्रकारचे ऑइल घालावे लागते, ओ-रिंग बदलाव्या लागतात, ओल शोषणारा ड्रायर नवा लागतो आणि होज आतून नायलॉनचा थर असलेले घालावे लागतात. गॅसचे वजन पूर्वीच्या ८० ते ९० टक्केच ठेवायचे. हिशेब वजनाने करावा, यंत्रणेवरच्या छोट्या काचेतले बुडबुडे पाहून नव्हे.

अडचण याही पुढची आहे. कंडेन्सर ६० अंशांवर असताना आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी जास्त असतो. मूळ कंडेन्सर आर-१२ लाच कसाबसा पुरत होता. म्हणजे गॅस बदलला आणि कंडेन्सर तोच ठेवला, तर गाडी आधीपेक्षा कमी गार होते आणि मालक नव्या गॅसला दोष देतो. पैसे मोजकेच असतील तर ते कॉम्प्रेसरवर घालवण्याआधी कंडेन्सरवर घालवावेत. जुन्या कंडेन्सरमध्ये एकच लांब नळी नागमोडी जाते. नव्या पद्धतीत अनेक चपट्या नळ्यांतून गॅस एकाच वेळी वाहतो आणि तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त उष्णता बाहेर पडते.

हायड्रोकार्बनचे स्वस्त मिश्रण भरून देणारेही भेटतात. गार होते, दाबही जुळतो. पण ते पेट घेते. या गाडीत कूलिंग कॉइल पुढच्या डिकीत, पेट्रोलच्या टाकीशेजारी आहे आणि तिची हवा केबिनमध्ये जाते. तिथे ज्वलनशील वायू भरू नये.

जोडणी झाल्यावर गॅस भरण्याची घाई करू नये. आधी नायट्रोजनने दाब देऊन ठेवावा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. व्हॅक्यूम एकट्याने पुरत नाही, कारण त्यात बाहेरून आत एका वातावरणाएवढाच दाब असतो, आणि चालू एसीत दाब आतून बाहेर, त्याच्या कितीतरी पट असतो. बारीक गळती व्हॅक्यूममध्ये मिटते आणि दाबाखाली उघडते. त्यानंतर व्हॅक्यूम पंप निदान तासभर चालवावा. २० अंश तापमानाला पाणी २३ मिलिबार दाबावर उकळते, म्हणून आतला दाब त्याहून खूप खाली नेला की साचलेली ओल वाफ होऊन निघून जाते. ओल राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात बर्फ धरतो. एसी दहा मिनिटे गार करून बंद पडतो, थोडा वेळ थांबवला की पुन्हा चालू होतो. अशा लक्षणाला कितीही गॅस भरला तरी उपयोग नाही.

पुढच्या टोकाला ब्लोअर आणि कूलिंग कॉइल. कॉइलवर पाने आणि धूळ यांचा जाड थर असतो, कधी सडलेल्या फोमचे तुकडे. ब्लोअरला वीज लांबच्या जुन्या वायरमधून आणि जुन्या स्विचमधून येते, वाटेत व्होल्टेज उतरते आणि मोटर हळू फिरते. बॅटरीपासून जाड वायर आणि मधे एक रिले एवढ्याने हवेचा जोर ताबडतोब वाढतो. बॅटरी पुढेच असल्याने काम लांबचे नाही.

जुन्या गाड्या उभ्या फार राहतात. कॉम्प्रेसरच्या शाफ्टची सील ऑइलच्या थराने ओली राहते तोवरच गॅस धरते. हिवाळ्यातही अधूनमधून दहा मिनिटे एसी चालवायला हवा.

१९८९ मध्ये आलेल्या ९६४ मॉडेलमध्ये पोर्शेने मागच्या झाकणातला कंडेन्सर काढून टाकला. कंडेन्सर पुढच्या डाव्या मडगार्डमध्ये गेला, ऑइल कूलर उजव्यात राहिला, आणि दोघांनाही स्वतःचा विजेचा पंखा मिळाला. सिग्नलला उभ्या गाडीतही गॅसला हवा मिळू लागली. त्या पंख्यांचेही एक नेहमीचे दुखणे आहे. त्यांच्या मंद वेगाचा रेझिस्टर जळतो आणि पंखा फक्त दाब किंवा तापमान बरेच चढल्यावर एकदम जोरात सुरू होतो. मालकाला पंखा चालताना दिसतो, म्हणून तो पंखा ठीकच धरतो. जुन्या ९११ चे कारागीर आज हीच मांडणी आधीच्या मॉडेलना करून देतात: मडगार्डच्या पोकळीत पंख्यासह एक जादा कंडेन्सर. तो बसवून घ्यायचा असेल तर चाकाने उडवलेल्या खड्यांपासून वाचवणारी जाळी आणि चिखल धुऊन जाण्याजोगी मोकळी जागा दोन्ही मागून घ्याव्यात. नाही तर एका पावसाळ्यात त्याच्याही फिनमध्ये चिखल बसतो.